शनिवारी सहाची सौना

राइलीबाई अकरा वर्षं एकाच गोष्टीची वाट पाहत होत्या. ताम्पेरे शहरातल्या त्यांच्या सोसायटीच्या तळघरात सौना, म्हणजे वाफेने घाम काढायची गरम खोली होती आणि तिची शनिवारी संध्याकाळी सहाची वेळ त्यांना हवी होती. वाट्याला आला होता मंगळवार, दुपारी चार. "मंगळवारी चारला चकचकीत होऊन माणसानं जायचं कुठं?" असं त्या विचारत. शेवटी शनिवारवालं कुटुंब घर सोडून गेलं आणि बाईंच्या जिवात जीव आला.

वेळा वाटायचं काम सेक्रेटरी तानेलीकडे होतं. रहिवाशांचे सगळे अर्ज त्याने संगणकात भरले होते, पण वाचायचा त्याला मनस्वी कंटाळा. त्याने संगणकाला सांगितलं, प्रत्येक अर्जात 'शनिवार' कितव्या अक्षरावर सापडतो ते शोध. नसेल तर शून्य दे, आणि शून्य नसेल त्याला मंजुरीचं पत्र धाड. शनिवारसाठी बाईच तेवढ्या अडून बसल्यात, तेव्हा पत्र एकच जाणार याची त्याला खात्री होती.

पत्रं गेली तेवीस. 'शनिवार सोडून कधीही चालेल' असं लिहिणाऱ्यांनाही शनिवार मिळाला. तो नाकारायचा तर कुणाशी तरी बोलावं लागणार. त्यापेक्षा घाम गाळलेला बरा, असा विचार प्रत्येकाने केला.

शनिवारी सहाला तळघरात तेवीस घरांची माणसं टॉवेल घेऊन भिंतीकडे बघत उभी होती. हातातोंडाशी आलेली वेळ जाणार, या भीतीने बाईंना रडू यायचं बाकी होतं.

"आधी बायका, मग पुरुष," त्या अखेर म्हणाल्या. "आणि हला आता, गारठून मरायचंय का?"

एकोणीस वर्षं शेजारी राहणाऱ्यांना त्या संध्याकाळी एकमेकांची नावं कळली. कुणीतरी सॉसेज भाजली. दहापर्यंत हसण्याचा आवाज तिसऱ्या मजल्यावर येत होता.

रविवारी तानेलीकडे बावीस चिठ्ठ्या आल्या. बहुतेकींत एकच मजकूर होता: 'फार छान झालं. आता पुरे.' या वेळी त्याने एकूण एक चिठ्ठी वाचली आणि धावत वर गेला.

"राइलीबाई, शनिवार सहा कायमचा तुमचा. फक्त तुमचा."

बाई खुशीत हसल्या. मग दाराशीच थबकल्या.

"एकटीचा? मग बोलू कुणाशी?" त्यांनी त्याला आत बोलावून दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला. "ती तेवीसांची यादी आहे ना अजून? महिन्यातून एकदा चूक करत जा, बाबा."