ब्रेकदादांची फुंकर

चौकशीच्या आदल्या दिवशी बाबांचा बेत अगदी पक्का होता.

"मी काय करणार, सांगू? उभा राहणार, साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवणार आणि एकच वाक्य बोलणार. दुसऱ्या वाक्याची वेळच यायची नाही."

"कुठलं वाक्य?" लेकीने भाजी चिरता चिरता विचारलं.

"ते अजून सुचायचंय."

बाबा बस चालवत. रस्त्यावर कागदाची पिशवी उडत आली तरी त्यांचा पाय ब्रेकवर जाई, म्हणून सगळा डेपो त्यांना ब्रेकदादा म्हणे. प्रवासी करवादत आणि पोचल्यावर नीट उतरून जात. दारूच्या बाबतीत ते इतके कोरडे होते की खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा आधी लेकीकडून वाचून घेत.

अशा माणसाला डेपोच्या फाटकावरच्या मशीनने प्यायलेला ठरवलं होतं. रोजच्यासारखे ते सकाळी गेले, नळीत फुंकले, आणि मशीनवर लाल दिवा लागला. गाडी दुसऱ्याच्या हाती गेली आणि ब्रेकदादा निलंबित होऊन पायी घरी आले.

त्यातही गंमत अशी, की ते मशीन आणवण्यासाठी सगळ्यात जास्त घसा कोरडा केला होता तो ब्रेकदादांनीच. त्याआधी ड्रायव्हरांची तोंडं सुपरवायझर स्वतः हुंगत असे, आणि त्या नाकाला दोस्तांच्या तोंडाचा वास कधीच येत नसे. असाच एक दोस्त एकदा बस घेऊन थेट शिंप्याच्या दुकानात घुसला. शिंपी वाचला, त्याचा पाय वाचला नाही. तेव्हापासून बाबा मशीन, मशीन करत होते. ते आल्यावर रोज रांगेत पहिले उभे राहत, म्हणजे इतरांना कमीपणा वाटू नये.

लेक वाचनालयात कामाला. वाचणं हाच तिचा धंदा आणि हाच आजार. निलंबनाचा कागद हाती पडताच तिने सगळी नियमावली वाचून काढली होती.

"नियमात स्वच्छ लिहिलंय, बाबा. लाल दिवा लागला तर थोडा वेळ थांबून पुन्हा फुंकायला द्यायचं. दिलं होतं?"

"गाडीची वेळ झाली होती गं. लोक ताटकळले होते."

"मग तेच सांगा. आणि सांगा, हे मशीन भरवशाचं नाही."

"ते नाही सांगणार."

"का?"

"मशीन खोटं ठरलं, तर उद्या खरे पिणारे माझं नाव पुढे करून सुटतील. म्हणतील, ब्रेकदादाला सोडलंत, मग आम्हाला का नाही?"

"आणि मशीन खरं ठरलं, तर तुम्ही खोटे ठरता."

"तेही नकोच. म्हणून तर वाक्य अडलंय." बाबांनी चहाचा कप पालथा घातला. "तू एवढी पुस्तकं वाचतेस, तुझ्याकडे नाही का एखादं?"

"सुचलं तर सांगते," ती म्हणाली आणि कुकरच्या शिट्टीकडे वळली.

सकाळी बाबा उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नसावा. इस्त्री केलेला खाकी शर्ट खुंटीवर होता. तो काढून घडी घालायला तिला बरेच दिवस लागले.

ती अजून लोकांना भेटायच्या मनःस्थितीत आली नव्हती, तोवर डेपोचं पत्र आलं. श्री. चालक हे चौकशीस विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल त्यांनी लेखी खुलासा करावा. तिने खुलासा केला, की चालक मृत असल्यामुळे हजर राहू शकले नाहीत. उलटटपाली उत्तर आलं, की सदर कारण समाधानकारक वाटल्याने पुढील तारीख देण्यात येत आहे.

ते वाचून तिला हसू आलं, आणि मग पुष्कळ वेळ ते थांबेना.

तारखेला ती गेली. चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल होतं, मागे फायलींचं कपाट, आणि खिडकीबाहेर धुवायला लावलेली बस. टेबलाच्या टोकाला चौकशी अधिकारी बसले होते, म्हणजे साहेब. कडेला टायपिस्टबाई होत्या. तिच्या बाजूने बोलायला युनियनचे पुढारी आले होते, ज्यांचं नाक वर्षानुवर्षांच्या संध्याकाळींनी लालसर झालं होतं.

"ताई, तुम्ही फक्त एवढंच म्हणा, मशीन भंगार आहे," पुढारी तिच्या कानाशी लागले. "पुढचं माझ्यावर सोडा. आज संध्याकाळच्या आत ते फाटकावरून उखडतो."

"मला ते उखडायचं नाहीये."

"मग आलात कशाला?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. "हे बघा, माणूस राहिला नाही. आपण फाइल बंद करू. कशाला जिवाला त्रास?"

"बंद करताना फायलीवर काय लिहाल?"

साहेबांनी चष्मा काढला. "जे आहे ते. मद्यपान करून कामावर आल्याने निलंबित. चौकशीपूर्वी मृत्यू."

"ते प्यायले नव्हते."

"प्रत्येक मुलीला तसंच वाटतं. मशीनला नातं नसतं, म्हणून तर ते आणलं."

"पण दुसऱ्यांदा फुंकायला दिलं नाही. तुमचाच नियम आहे."

"मशीन बिघडलं असेल तर दुसऱ्यांदा. ते ठणठणीत आहे. थांबा, दाखवतोच." साहेबांनी फाटकावरच्या वॉचमनला मशीनसकट बोलावलं आणि टायपिस्टबाईंना सांगितलं, "बाई, आता जे जे घडेल ते सगळं टाइप करा. उद्या कुणी म्हणायला नको, की आम्ही लपवलं."

वॉचमनकाका आले. वय झालेलं, पण बूट आरशासारखे. मशीन त्यांनी तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं होतं. तिला पाहून त्यांनी मान खाली घातली. खिशातून कापूस नि छोटी बाटली काढली, नळी आतून बाहेरून पुसली आणि साहेबांपुढे धरली.

"मी सुपारीसुद्धा खात नाही," साहेबांनी सगळ्यांना ऐकवलं आणि फुंकले.

लाल दिवा लागला. मशीन असं ओरडलं की बाहेर बस धुणाऱ्याने पाणी बंद केलं.

टायपिस्टबाईंची बोटं चालूच होती.

"काय टाइप करताय?" साहेबांनी विचारलं.

"चौकशी अधिकारी मद्यपान केलेल्या स्थितीत आढळले."

"खोडा ते."

"आपणच म्हणालात, सगळं टाइप करा."

"बाई, तुम्ही फुंका बघू."

काकांनी आणखी काळजीने नळी पुसली, बाईमाणूस म्हणून कापूस नवा घेतला. बाईंनी पदर सावरून फुंकर घातली. लाल.

"अगंबाई," बाई म्हणाल्या. "घरी कळलं तर काय म्हणतील?" आणि स्वतःच्या नावापुढे त्यांनी प्रामाणिकपणे तेच वाक्य टाइप केलं.

पुढारी खुर्चीतून उठले, जणू सभाच भरली होती. "बघा, बघा. हे मशीन म्हणजे..."

"तुम्ही गप्प बसा," साहेब म्हणाले. त्यांना आता घाम फुटला होता. कारण आवारात लाल दिवा लागला, की त्या माणसाने त्या दिवशी काम करायचं नाही, असा नियम होता आणि तो त्यांनीच लिहिला होता. म्हणजे चौकशी चालवायला अधिकारी नव्हता, टाइप करायला बाई नव्हती, आणि दोघांनाही घरी पाठवण्याचा हुकूम काढायला कुणीच नव्हतं. "मशीनमध्ये आकडे साठतात. वरच्या ऑफिसला जातात. आता काय करायचं?"

"आता पुढारीसाहेबांना फुंकू द्या," बाई म्हणाल्या. "त्यांचा लाल तरी खरा असेल."

बोलाचालीत बराच वेळ गेला होता. काकांच्या हातातला कापूस खाली पडला होता, पुसायचं भान कुणाला नव्हतं. पुढाऱ्यांनी "मी निषेध म्हणून फुंकतो" असं जाहीर केलं आणि फुंकले.

हिरवा. आकडा शून्य.

सगळे त्यांच्या नाकाकडे पाहू लागले. पुढाऱ्यांचा चेहरा उतरला.

"डॉक्टरांनी बंद केलीय," ते हळूच म्हणाले. "पुष्कळ दिवस झाले. बाहेर बोलू नका. युनियनमध्ये माझी काही किंमत राहणार नाही."

लेक मात्र नाकाकडे पाहत नव्हती. ती जमिनीवरच्या कापसाकडे पाहत होती. तिने तो उचलला आणि वास घेतला. दवाखान्याचा वास होता.

"काका, त्या बाटलीत काय आहे?"

"स्पिरिट. जंतू मरतात."

"त्या दिवशीही यानेच पुसली होती?"

"त्याच दिवशी सुरू केलं, ताई. आधी प्रत्येकाला नवी नळी असायची. नळ्या संपल्या, वरून आल्या नाहीत. मग एकच नळी सगळ्यांना. मला ते बघवेना. दादा रांगेत पहिले. म्हटलं, ह्यांच्या तोंडाला कुणाचं उष्टं नको. चांगली दोनदा पुसली. अगदी ओलीचिंब."

"आणि नंतर? दुसरं कुणी कसं अडकलं नाही?"

"दादाच अडकले म्हटल्यावर पहिला कोण उभा राहणार? दर वेळी पुसून नळी धरली, की सगळे एकमेकांना म्हणायचे, तू हो पुढे, तू हो पुढे. तोवर नळी वाळून..."

काका थांबले. तिने त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली आणि टेबलावर ठेवली.

"म्हणजे मी," काका म्हणाले. "मीच त्यांना..."

साहेबांचा चेहरा मात्र उजळला होता. "बाई, टाइप करा. वॉचमनचा अक्षम्य निष्काळजीपणा."

"नाही," लेक म्हणाली. आवाज तिने चढवला नव्हता, पण बाईंची बोटं थांबली. "त्यांनी काळजी घेतली. निष्काळजीपणा नळ्या न पाठवणाऱ्यांचा. आणि दुसऱ्यांदा फुंकायला न देणाऱ्यांचा."

"असं वरच्या ऑफिसविरुद्ध लिहिता येत नाही, ताई."

"मग लिहू नका. पण साहेब, तुमचा लाल दिवाही वर जाणार आहे. तो कसा रद्द करणार?"

ओल्या नळीवरचा लाल दिवा धरायचा, तर साहेब प्यायलेले ठरत होते. सोडायचा, तर ब्रेकदादाही सुटत होते. दोघांच्या मधून जाईल असं वाक्य साहेबांनी पुष्कळ शोधलं. आधी छताकडे पाहून शोधलं, मग फायलींच्या कपाटाकडे. शेवटी त्यांनी ते सांगितलं आणि बाईंनी टाइप केलं. नळ्यांचा पुरवठा नसताना ओल्या नळीने घेतलेली तपासणी ग्राह्य धरू नये. लाल दिवा लागल्यास थांबून कोरड्या नळीने पुन्हा तपासल्याशिवाय कुणासही दोषी मानू नये. सबब चौकशी अधिकारी, टायपिस्ट व सदर चालक हे तिघेही निर्दोष आहेत.

"मशीन?" पुढाऱ्यांनी विचारलं.

"राहील," साहेब म्हणाले.

"राहू दे," लेकही म्हणाली.

बाईंनी छापील मजकुराची शेवटची ओळ सवयीने जोडली आणि कागद तिच्या हातात दिला. सदर चालकाने उद्या सकाळी पहिल्या फेरीसाठी हजर राहावे.

तिने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. बाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला. "थांबा, ते मी खोडते."

"असू दे," ती म्हणाली.

हुकूम वर पाठवायचा, तर कोरड्या नळीची एक फुंकर सोबत हवी, असं साहेब म्हणाले. जिच्याबद्दल कुणाला शंका नाही अशी व्यक्ती हवी. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. काकांनी नळी सदऱ्याच्या टोकाने कोरडी केली, खिडकीत उन्हाला धरली, गालाला लावून पाहिली आणि मगच तिच्यापुढे केली. त्यांचे डोळे लाल होते.

तिने फुंकलं. मशीनवर अक्षरं उमटली, श्वास अपुरा.

"होतं असं," काका म्हणाले. "घाई नाही, ताई. पोटातून येऊ द्या."

तिने नळी पुन्हा ओठांशी नेली. डोळे मिटले, छाती भरेपर्यंत श्वास घेतला, आणि त्या श्वासाची फुंकर झाली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही प्यायला नव्हतात, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी नियम वाचत बसले. मी तुम्हाला हे तेव्हाच सांगायला हवं होतं."