नूडल्सच्या पिक्चरला गेलेली मंडळी

"नूडल्सच्या दुकानाची गोष्ट आहे, साठीच्या वरच्यांना फ्री आहे आणि दुपारी तीनला आहे," असं बायकोनं, अलकानं, सांगितल्यावर शशिधरांनी जास्त चौकशी केली नाही. कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळातल्या ज्येष्ठांना महिन्यातून एकदा कुठेतरी न्यायची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि मागच्या खेपेला कालव्याकाठी नीनाताई शेवाळ्यावरून घसरल्या होत्या. थिएटरात शेवाळं नसतं.

सात जण जमले. पिक्चर चिनी होता. दिग्दर्शकानं उसन्या कॅमेऱ्यावर काढलेला. तिकडे थिएटरला लागलाच नाही, लोकांनी एकमेकांच्या घरी बसून पाहिला, असं सुरुवातीला एका मुलीनं सांगितलं. पहिली पाच मिनिटं पडद्यावर एक तरुण नुसती भांडी घासत होता.

"हे असंच चालणार का?" पुरुषोत्तम कुजबुजले. हे रिटायर्ड हाडांचे डॉक्टर. कानाला मशीन असल्यामुळे त्यांची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत गेली.

मग दुकानदाराच्या मुलानं भांडी घासणाऱ्याच्या मानेवर ओला हात ठेवला आणि काढलाच नाही. शशिधरांना कळलं. रांगेतही एकेकाला कळत गेलं, चिवड्याच्या पुड्यांची कुरकुर थांबली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला त्यांचा मुलगा सुयश नॉटिंगहॅमहून घरी आला होता. जेवताना म्हणाला, "बाबा, मी आणि कुश एकत्र राहतो. फ्लॅटमेट म्हणून नाही." शशिधर ताटावरून उठले आणि त्यांनी टीव्ही लावला. त्यानंतर सुयश आला नाही. मंडळात कुणी विचारलं की शशिधर सांगायचे, "जॉब फार बिझी आहे त्याचा."

पडद्यावर मुलगा घर सोडून गेला. शेजारीण दुकानात येऊन त्याची चौकशी करू लागली. बाप मान खाली घालून पीठ मळत राहिला. खाली इंग्रजी अक्षरं उमटली : त्याला काम फार असतं.

शशिधर उठले. बाहेर पडायचं, एवढंच डोक्यात. अंधारात पाय पुरुषोत्तमांच्या काठीत अडकला, ते नीनाताईंच्या अंगावर कोसळले, नीनाताई किंचाळल्या, पिक्चर थांबला आणि लाइट लागले.

"आर यू अनवेल, सर?" सुरुवातीला बोललेली मुलगी धावत आली.

सगळं थिएटर वळून बघत होतं. पिक्चर नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागणार. शशिधरांनी छातीवर हात ठेवला. "थोडं चेस्टमध्ये..."

तीस वर्षं हॉस्पिटलात भूल देण्यात घालवलेल्या माणसाला या वाक्यानंतर काय होतं ते ठाऊक असायला हवं होतं. अँब्युलन्सला फोन गेला. पुरुषोत्तमांनी नाडी धरली. "मी हाडांचा, पण नाडी सापडते मला. फास्ट आहे हो!" अलका फोन घेऊन बाहेर गेली.

सारा नावाच्या पॅरामेडिकनं त्यांना लॉबीत झोपवून, शर्ट उघडून वायरी चिकटवल्या. आतून पुन्हा चिनी संवाद ऐकू येऊ लागले.

"मंडळी आत गेली?" शशिधरांनी विचारलं.

"नीनाताईच म्हणाल्या, सुरू करा," अलका म्हणाली.

ईसीजी स्वच्छ निघाला. "एनी स्ट्रेस टुडे?" सारानं विचारलं.

"पिक्चर," शशिधर म्हणाले. तिनं तसं लिहून घेतलं.

ती गेल्यावर ते अलकाकडे वळले. "तुला माहीत होतं कसला पिक्चर आहे ते."

"हो. घरी लावला असता तर तुम्ही चॅनल बदललं असतं."

तासाभरानं सुयश धापा टाकत आत आला. बत्तिसाव्या वर्षीच कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. शशिधर बघतच राहिले.

"बाबा! आई म्हणाली हार्ट अटॅक!"

"आई म्हणाली?"

अलका छताकडे बघत होती.

तेवढ्यात पिक्चर सुटला. नीनाताई पदरानं डोळे पुसत आल्या. त्यांच्यामागून पुरुषोत्तम. "अरे, सुयश! जॉबमधून वेळ मिळाला वाटतं?"

सुयशनं गोंधळून वडिलांकडे पाहिलं.

"वेळ होता त्याला," शशिधर म्हणाले. "मीच बोलवत नव्हतो."

 मग शशिधरांनी सुयशला विचारलं, "गाडी चालवत आलास? असल्या टेन्शनमध्ये?"

"कुशनं चालवली. तो बाहेर गाडीत बसलाय. म्हणाला, त्यांना आणखी त्रास नको."

"गाडी कुठे लावलीये?"

"दारातच. नो पार्किंगच्या डबल यलो लाइनवर."

"अरे, दंडाचं तिकीट लागेल! मागे कार पार्क आहे. तिथे लावून आत ये म्हणावं."

सुयश जागचा हलला नाही. "आत?"

"मग काय, गाडीतच बसून राहणार का तो?" शशिधर म्हणाले आणि शर्टाची उरलेली बटणं लावू लागले.