मधल्या मुलांचा अर्ज

मंजुळा मढवी बाईंचा कॉलेज-तयारी वर्ग तपासायला ठाण्याहून नीला वर्तक येणार असं कळलं, तेव्हा कळव्याच्या त्या शाळेचे मुख्याध्यापक गुप्ते सर यांनी सगळ्यात आधी वर्गातली मुलं बदलली.

वर्ग होता दहावी 'क'चा. या मुलांचा नंबर येत नसे आणि ती नापासही होत नसत, त्यामुळे त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जायचं काही कारण नव्हतं. पुढे त्यातली निम्मी कॉलेजच्या खिडकीवरच्या कारकुनालाच घाबरून घरी परतत. म्हणून ठाण्याच्या एका ट्रस्टच्या मदतीनं, १९९१च्या जूनपासून दर शनिवारी बाई त्यांना फॉर्म भरायला, भरभर बोलणाऱ्या प्राध्यापकाच्या नोट्स घ्यायला आणि रीतसर अर्ज करायला शिकवत होत्या. ट्रस्टच्या वर्तकबाईंचा शेरा चांगला आला तर वर्ग राहणार, नाहीतर बंद.

"सर, वर्ग 'क'चा, आणि तपासणीला 'अ'ची मुलं? कसं चालेल?" त्यांनी आदल्या दिवशी विचारून पाहिलं.

"मढवीबाई, वीस वर्षं मी तपासणीला 'अ' तुकडीच पुढे करतो आहे. वजन-उंची मोजणारे डॉक्टर आले तेव्हासुद्धा धडधाकट मुलंच दाखवली. शाळेचं नाव राहिलं की नाही?"

"राहिलं. पण अशक्त मुलांना मिळणारं दूध बंद झालं, सर."

सरांनी ते ऐकलं नाही. 'क'ला प्रयोगशाळेत नेऊन बसवलं आणि शिंकसुद्धा बाहेर येता कामा नये अशी ताकीद दिली. वर्गात 'अ' तुकडी हाताची घडी घालून बसली. पहिल्या बाकावर शाळेची पहिली, रतन.

वर्तकबाई मृदू बोलणाऱ्या होत्या. पुस्तकातलं काहीच न विचारता त्या म्हणाल्या, "समजा, खिडकीवरचा माणूस म्हणाला, जेवणानंतर या. तर काय कराल?"

रतन ताडकन उभी राहिली. "जेवून येऊ."

मागे उभ्या मढवीबाईंनी डोळे मिटले. 'क'चं कुठलंही पोर सांगू शकलं असतं, की रांगेतली जागा सोडायची नाही. पण सरांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती.

मग वर्तकबाईंनी कॉलेजचे कोरे फॉर्म वाटले. 'अ' तुकडीला प्रश्न सोडायची सवय नव्हती. रतननं आधी समास आखला. सगळ्या चौकटी भरल्या. 'फक्त कार्यालयीन उपयोगासाठी' ही चौकटही भरली. प्रवेश क्रमांक या जागी नेहमीप्रमाणे एक लिहिलं, आणि खाली स्वतःचा प्रवेश मंजूर करून टाकला. बाकीच्यांनीही थोड्याफार फरकानं तेच केलं.

फॉर्म चाळून वर्तकबाईंनी सुस्कारा सोडला. "मढवीबाई, वाईट वाटतं. पण वर्षभरात यांना काहीच आलेलं दिसत नाही."

मढवीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्यात दारावर टकटक झाली. बाहेर कोळीवाड्यातली रंभा, 'क'ची मॉनिटर, उभी होती.

"बाई, आम्ही अर्ज आणलाय."

"आता नको. जा इथून," गुप्ते सर पुढे झाले. पण कागद वर्तकबाईंच्या हातात गेलेला होता. त्यांनी तो मोठ्यानं वाचला.

"विषय : आमच्या तपासणीला आम्हाला बसवण्याबाबत. महोदया, आज आमच्या वर्गाची तपासणी असून आम्ही प्रयोगशाळेत आहोत. तरी आमची तपासणी प्रयोगशाळेत करावी, ही विनंती. सोबत हजेरीपटाची साक्षांकित प्रत."

खाली चौतीस सह्या होत्या.

"प्रत साक्षांकित कुणी केली?"

"गुप्ते सरांनी," रंभा म्हणाली. "सकाळी सह्यांच्या गठ्ठ्यात ठेवलेली. सर वाचत नाहीत."

गुप्ते सरांनी सही निरखून पाहिली. ती त्यांचीच होती, शिक्क्यासकट.

"आणि खिडकीवरचा माणूस जेवणानंतर या म्हणाला तर?" वर्तकबाईंनी हसू आवरत विचारलं.

"एकानं रांगेत उभं राहायचं, बाकीच्यांनी जेवून यायचं. मग त्याला सोडायचं." रंभानं दुसरा कागद पुढे केला. "बाई, ह्या प्रतीवर पोच द्या ना. तारीख पण टाका."

वर्तकबाईंनी पोच दिली, तारीखही टाकली. मग शेरा लिहिला : वर्ग उत्तम आहे, चालू ठेवावा, 'अ' तुकडीला त्याची तातडीनं गरज आहे. मढवीबाईंना इतका आनंद झाला, की चहा आणायच्या ऐवजी त्या खडूचा डबा घेऊन आल्या.

पुढच्या शनिवारी 'अ'ची मुलं वर्गात नाव घालायला आली. फॉर्म घ्यायला खिडकीशी रंभा बसली होती.

"जेवणानंतर या," ती म्हणाली.

रतन हलली नाही. तिनं रांगेतच डबा उघडला.