सासूबाईंचे लोकरी मोजे

"मेकॅनिकला काय चार हात असतात?" असं विचारून जावईबापूंनी रविवारी सकाळी गाडीचं बॉनेट उघडलं आणि तिथूनच त्यांचे ग्रह फिरले.

थर्मोस्टॅट बदलायचा होता. म्हणजे इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारी एवढीशी झडप. काम तासाभराचं. शनिवारी सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि "आईंना मी माझ्या गाडीतून नेणार, टॅक्सीबिक्सी काही नाही!" असं जावईबापू सगळ्यांसमोर बोलून बसले होते. त्यात स्वभाव भलताच टापटिपीचा! काढलेले स्क्रू वाट्यांमध्ये ठेवून प्रत्येक वाटीवर चिठ्ठी लावली.

जुना निघाला, नवा बसला. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि काटा थेट लाल रेषेवर!

सोमवारी त्यांनी रेडिएटरचं झाकण बदललं. काटा लालच. मंगळवारी पंखा तपासला. बुधवारी, कुठेतरी भोक पडून पाणी गळत असणार या खात्रीने, टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले ते थेट जेवायलाच बाहेर आले. भोक काही सापडलं नाही.

"अहो, मेकॅनिकला दाखवा ना एकदा!" बायको म्हणाली.

"सापडेल गं."

"आणि आईचे लोकरी मोजे? हॉस्पिटलात गारठा असतो म्हणून मुद्दाम धुऊन गाडीजवळच्या दोरीवर घातले होते."

"इथे इंजिन उकळतंय आणि मी मोजे शोधू?"

गुरुवारी त्यांनी थर्मोस्टॅट विकणाऱ्या दुकानदाराशी फोनवर भांडण काढलं. शुक्रवारी तर भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. पण शब्द दिला होता, तो मागे कसा घेणार?

शनिवारी साडेआठला सासूबाईंना आणि बायकोला मागे बसवून गाडी निघाली आणि बरोबर मेकॅनिकच्या दारात वाफेचा लोट सोडून थांबली. गाडीलासुद्धा अक्कल होती.

मेकॅनिकने इंजिन निवू दिलं, वरचा पाइप काढला, आत पक्कड घातली आणि करड्या रंगाचं काहीतरी ओढून बाहेर काढलं.

"अगोबाई, माझा मोजा!" सासूबाई ओरडल्या.

जावईबापूंच्या डोळ्यांसमोर रविवार उभा राहिला. पाइप उघडे पडल्यावर आत धूळ जाऊ नये म्हणून दोरीवरचं हाताला लागलं ते त्यांनी कोंबलं होतं. लाज वाटली, पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

"सापडलं! लावा पाइप. आई, बसा, चला!"

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. निथळता मोजा चिमटीत धरून त्यांनी शांतपणे विचारलं, "दुसरा?"

मेकॅनिक खालच्या पाइपकडे वाकला. बायकोने तोवर टॅक्सी थांबवलीसुद्धा होती.

हॉस्पिटलात पोहोचले ते अगदी वेळेवर. आत खरंच गारठा होता. बाकावर सासूबाई पाय पोटाशी घेऊन बसलेल्या बघून जावईबापूंना कसंसंच झालं. त्यांनी गुपचूप स्वतःचे बूट काढले, पायातले मोजे काढले आणि खाली बसून सासूबाईंच्या पायात चढवले. त्यांना आत न्यायला स्ट्रेचर आला. चार पावलं गेल्यावर सासूबाईंनी मान वळवली.

"जावईबापू, आठवडाभर शोधत होतात ना तुम्ही भोक?"

"हो, आई."

"उजव्या मोज्याला आहे. अंगठ्यापाशी."