दुसरा दगड

राजकीय हाणामारीत पहिला दगड कोणीच मारत नाही, हे आता सर्वमान्य झालं आहे. मारला जातो तो थेट दुसरा.

चौकातल्या टायपिंगवाल्या मावशींना हे केव्हापासून ठाऊक. डावे, उजवे आणि नुकतेच इकडून तिकडे गेलेले मधले, सगळ्यांची पत्रकं त्याच टाइप करत. मजकूर ठरलेला: 'आमच्या शांततामय मोर्चावर भ्याड हल्ला झाला. कार्यकर्त्यांनी उत्स्फूर्त उत्तर दिले.' (उत्स्फूर्तपणाची तयारी आदल्या दिवशी होते.) हिंसेची कारणं विचाराल तर इतिहास, विचारसरणी, अन्याय आणि रस्त्याचं अर्धवट काम. पूर्वी दगड नदीवरून आणावे लागत. तिथवर गेलेले निम्मे लोक पोहून, ताजेतवाने होऊन घरी जात. आता पालिका खडीचा ढीग दारातच टाकते.

परवा मात्र दुसरा दगड मावशींच्या जावयाला लागला. कपाळाला टाके पडले. जावई एका पक्षाचे, मावशींचा मुलगा दुसऱ्या पक्षाचा. लेकीने निरोप धाडला, "दादा 'चुकलो' म्हणेपर्यंत माहेरी पाऊल ठेवणार नाही."

संध्याकाळी मुलगा दुकानात आला. "आई, पत्रक कर. 'उत्स्फूर्त' विसरू नकोस."

"तू मारलास?"

"आम्ही उत्तर दिलं."

पाठोपाठ पट्टी बांधलेले जावई. "आई, आमचंही करा. 'भ्याड' जरा ठळक."

दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. मावशींनी दोन कागदांमध्ये कार्बन घालून एकदाच टाइप केलं, पक्षाच्या नावाची जागा मोकळी सोडली आणि प्रती हातात दिल्या. दोघांना अक्षर न् अक्षर पटलं.

"आता बोल," मावशी मुलाला म्हणाल्या.

तो पुटपुटला, "चुकलो, दाजी. शेजारच्याला मारायचा होता."

"तरीच म्हटलं, तुझा नेम एवढा कधी सुधारला!" जावई हसले आणि टाके ओढले गेल्याने कळवळले.

'चुकलो' तेवढं मावशींनी लेकीला कळवलं. (शेजारच्याचा उल्लेख जागेअभावी वगळला.) रात्री सगळे एका पंगतीला होते.

या गडबडीत नावं भरायची राहिली. पत्रक वर्तमानपत्रात मोकळ्या जागेसकट छापून आलं. एकाही वाचकाने तक्रार केली नाही. वाचता वाचता जो तो जागा भरत गेला.

मुलाचा पक्ष कोणता, हे इथेही सांगितलेलं नाही. तुम्ही मात्र 'दगड' वाचल्या वाचल्याच तो मोकळ्या जागेत भरलात.