तिसऱ्या मजल्यावर विचारा

साहेब, दोष तुमचाच आहे. तुमच्या दवाखान्यात पोटाचे डॉक्टर पहिल्या मजल्यावर, हृदयाचे तिसऱ्यावर, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही. जिन्यात झिजतो तो पेशंट.

या खेपेला झिजले वायसरकाका. चाळीस वर्षं नळ दुरुस्त करणारा माणूस. छातीत धातूची झडप बसवली तेव्हा सर्जनलाच म्हणाले, "पाणी मागे न येऊ देणारा साधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे, असे मी शंभर बसवलेत." झडपेत रक्ताची गुठळी अडकू नये म्हणून रोज संध्याकाळी रक्त पातळ करायची गोळी. पुढे शौचाला काळी होऊ लागली. म्हणजे आत कुठेतरी गळती. तोंडातून दुर्बीण घालून बघायचं ठरलं. काउंटरवर छापील चिठ्ठी मिळाली: गोळी पाच दिवस बंद.

"पाच म्हणजे पाच. आपलं काम चोख असतं," काका बायकोला ऐटीत म्हणाले.

सहाव्या दिवशी उपाशीपोटी हजर. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "दुर्बीण धुवायचं मशीन बंद आहे. तीन दिवसांनी या."

"मग गोळी?"

"ते तिसऱ्या मजल्यावर विचारा."

तिसऱ्या मजल्यावर उत्तर मिळालं, "बंद कोणी केली? त्यांनाच विचारा."

तीन दिवसांनी पुन्हा तेच मशीन, तेच उत्तर. काकूंचा धीर सुटला. काकांनी तोंड उघडलं की झडपेची बारीक टिकटिक ऐकू येते. काकूंनी भर रांगेत फर्मावलं, "आ करा," आणि कान लावला.

शिपाई म्हणाला, "मावशी, इथे नको. लोक बघतात."

"बघू देत. बंद पडला तर नवरा माझा पडेल, लोकांचा नाही."

काका उठले आणि तडक मशीनच्या खोलीत घुसले.

"अहो, कुठे निघालात?"

"धंद्यावर."

पाणी आत घेणारा पाइप सोडवला. जाळी गाळाने गच्च. खिशातला पान्हा, कुणाचा तरी जुना टूथब्रश, दहा मिनिटं. ज्याच्यासाठी तुम्ही आठवडाभर कागद रंगवत होतात, ते मशीन सुरू.

दुर्बीण झाली. पोटात लहानशी जखम, औषधाने भरेल अशी. डॉक्टर म्हणाले, "नुसतं बघायला तुमची गोळी थांबवायचं कारणच नव्हतं. उलट झडपेला धोका. कुठल्या शहाण्याने सांगितलं?"

घसा धरलेल्या काकांनी चिठ्ठी पुढे केली. खाली डॉक्टरांचीच सही.

"ही छापील आहे हो. सगळ्यांनाच देतात."

"बरं, आता सुरू कधी करू?"

"तिसऱ्या मजल्यावर विचारा."

तिसऱ्या मजल्याने ऐकून घेतलं. "पोटात जखम आहे ना? मग पहिल्यावर विचारा."

म्हणून साहेब, दोघं आता तुमच्या दारात बसलेत. काकूंच्या एका हातात गोळी, दुसऱ्यात पाण्याचा पेला. संध्याकाळ झाली आहे. फाइल मागवू नका, चहा मागवू नका, कुठल्या मजल्यावर पाठवू नका. गोळी द्यायची की नाही?