अच्युतराव सबनीस यांनी फीत कोतवालीत रुजू केली त्याची हकीकत

रस्त्याच्या डाव्या कडेने जाणारांचा जो विघ्नहर्ता, त्यास प्रथम वंदन. आणि उजवीकडून भोंगा वाजवीत अंगावर येणारांस सुबुद्धी देईल तर देईल ऐसी जी शारदा, तिजला दुसरे वंदन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, थंडी मी म्हणत असता, एके राज्यी जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले असे. राज्य नामांकित, परंतु रस्त्यांवर मोटारींचा अंमल. मोठ्या चाकांचा तो सरदार, लहान चाकांचा तो रयत, आणि सायकलवाले तर रयतेतही न मोजलेले. मोटारींनी अंगास घासून जावे, पुढे येऊन करकचून थांबावे, तोंडापुढे फाडकन दार उघडावे, आणि दाद ना फिर्याद. मग कोतवाल सर्जेराव यांचा हुकूम जाहला की, ज्या सायकलस्वारास मोटारवाल्याचा उपद्रव होईल त्याने डोईच्या हेल्मेटावर कॅमेरा बांधून त्याची फीत कोतवालीत रुजू करावी. नंबरपाटी स्वच्छ दिसावी. फीत सबंध असावी, कातरलेली अथवा आवाज काढिलेली फीत घेतली जाणार नाही. गुन्हा शाबीत होताच मोटारवाल्यास दंड होईल. हे ऐकून सायकलवाली मंडळी बहुत खुशाल जाहली आणि ज्याने त्याने कॅमेरे खरीदले.

त्या मंडळीचे म्होरके राजश्री अच्युतराव सबनीस, वय साठीच्या घरात, पिंडऱ्या दगडासारख्या. मंडळी त्यांनीच उभी केली आणि मंडळीचा रिवाजही त्यांनीच घातला. तो ऐसा की, रविवारी पहाटे घाट चढून उतरावा, मग पायथ्याच्या मिसळीच्या दुकानी जमावे, आणि त्या आठवड्यात ज्याच्या फितीवरून कोण्या मोटारवाल्यास दंड जाहला असेल त्यास बाकाच्या शिरोभागी बसवावे, आणि त्याने पाव मोडल्याखेरीज दुसऱ्या कोणी घास घेऊ नये. रिवाज घातला खरा, परंतु तो मान अच्युतरावांस एकदाही लाभला नाही. कारण स्वभाव तापट. मोटार घासून गेली की त्यांनी मान वर करून मोटारवाल्याच्या डोळ्यांत डोळे घालावे आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा. आणि कॅमेरा डोईवर, सबब डोई जिकडे तिकडे कॅमेरा. फितीत मोटारवाल्याचा चेहरा येई, नाक येई, मिशा येत. नंबर काही येत नसे. कोतवालीतील कारकून फीत पाहून म्हणे, "काका, मिशा झकास आल्यात. पण दंड मिशांना करायचा का? पाटी कुठाय?" मग अच्युतराव संतापोन घरी येत आणि जेवणास नावे ठेवीत.

ऐशात मंडळीत शाल्मलीबाई टिपणीस दाखल जाहल्या. पेशाने दंतवैद्य, वय कोवळे, बोलणे मोजके. मोटार अंगावर आली तरी बाईंची मान खाली, हनुवटी पाटीच्या रोखाने, आणि नंबर मोठ्याने उच्चारीत. म्हणजे पाटी चिखलाने माखली तरी आवाज गवाही देईल. पहिल्याच फितीवर दंड जाहला. दुसऱ्या फितीवर जाहला. मग ओळीने प्रत्येक रविवारी बाईच शिरोभागी बसू लागल्या, बाईच पाव मोडू लागल्या, आणि मंडळी "वाहवा" म्हणू लागली. अच्युतराव दुसऱ्या टोकास. समोरची तर्री निवून जाई, पोटातली मात्र रटरटत राही. कोणी म्हणे, "काका, शाल्मलीकडून शिकायला हवं हो!" आणि काका हसून मान हलवीत, आणि त्या हसण्याने त्यांच्या गालांस कळ येई. बाईंचा कॅमेरा महागाचा म्हणोन हे होते ऐसे ठरवून त्यांनी तसाच कॅमेरा आणविला. त्यात मिशा पूर्वीहून स्वच्छ आल्या. मग रोज सायंकाळी देवापुढे हात जोडून मागणे मागू लागले की, हे देवा, मोटारवाल्यांनी शाल्मलीबाईंशी सभ्यपणे वागावे, आणि जो काय आडदांडपणा करावयाचा तो माझ्याशी करावा. कुटुंब कुमुदिनीबाई यांनी ते ऐकिले आणि म्हणाल्या, "तुम्हीच आणलंत ना तिला मंडळीत? नवी मुलगी आहे, सांभाळून घेऊ म्हणालात. घ्या आता सांभाळून." अच्युतराव म्हणाले, "मला काय तिचं? माझं काहीएक नाही." आणि रात्रभर कुशी बदलीत राहिले.

मग त्यांनी मनाशी मसलत केली आणि, कोणास न सांगता, बाईंचीच विद्या चोरिली. आडरस्त्याला जाऊन मान खाली ठेवण्याचा सराव केला, आणि जे दिसेल ते मोठ्याने बोलण्याचा सराव केला. "पिवळा टेंपो, डावीकडून." "म्हैस, आडवी." ऐसे बोलता बोलता जिभेस खोड लागली, आणि सायकलवर बसले की जे मनी ते मुखी येऊ लागले. त्यांस वाटले, विद्या साधली.

एके रविवारी घाट उतरताना शाल्मलीबाई सर्वांपुढे, आणि त्यांच्या मागे अच्युतराव एकटेच. बाकीची मंडळी मागे राहिली होती. अच्युतरावांनी बाईंस नजरेआड होऊ दिले नाही. हेतू हा की, बाईंस उपद्रव जाहलाच तर तो आपल्याही फितीत यावा, दंडाचा मान निदान निम्मा तरी पदरात पडावा. इतक्यात मागून एक पांढरी जीप भरधाव आली, अच्युतरावांस वळसा घालून बाईंच्या बाजूस घुसली, आरसा बाईंच्या खांद्यास लागून फुटला, आणि बाई सायकलीसकट खडीवर कोसळल्या. हेल्मेट शाबूत, परंतु त्यावरचा कॅमेरा निखळून जीपेच्या चाकाखाली चिरडला. जीप न थांबता गेली. अच्युतरावांनी त्या समयी मान खाली ठेविली आणि नंबर खणखणीत उच्चारिला. मग सायकल टाकोन धावले, बाईंस आपला अंगरखा पांघरविला, पाणी पाजिले. बाईंचे हाड मोडले होते, तरी पहिला बोल हाच की, "काका, नंबर मिळाला?" अच्युतराव म्हणाले, "मिळाला!" तो मंडळी येऊन पोचली आणि सर्वांनी अच्युतरावांची पाठ थोपटली. त्या दिवशी त्यांनी घरी येऊन दोन वाट्या भात अधिक घेतला.

जेवण होताच कुटुंबास शेजारी बसवून फीत लाविली. जीप स्वच्छ, पाटी स्वच्छ. आणि बाई पडल्या त्या क्षणी, नंबराच्याही आधी, अच्युतरावांचाच हर्षभरित आवाज आला: "पडली! पडली एकदाची! आता मोड म्हणावं पाव!" अच्युतरावांस हे बोलल्याचे स्मरणही नव्हते. कुमुदिनीबाई म्हणाल्या, "आवाज काढून टाका." अच्युतराव म्हणाले, "मग कोतवाली घेत नाही." कुमुदिनीबाई म्हणाल्या, "मग देऊ नका. कॅमेरा बिघडला होता म्हणा." आणि अच्युतरावांनी मंडळीस तसाच निरोप धाडिला की, फीत उमटली नाही, दैव आमचे. मंडळी हळहळली. शाल्मलीबाई उलट म्हणाल्या, "असू दे काका, तुम्ही धावत आलात हेच खूप." हा चांगुलपणा अच्युतरावांस शिवीहून लागला.

परंतु गोष्ट तेथे राहिली नाही. जीपवाला रणधीर नावाचा, एका बड्या ठेकेदाराचा जावई. त्यास कळले की फीत नाही. मग तो आपण होऊन कोतवालीत गेला आणि उलटी फिर्याद गुदरली की, बाईंचा स्वतःचाच तोल गेला, बाई माझ्या जीपेवर आल्या आणि माझा आरसा फोडिला. बाईंसच शासन व्हावे. चोराच्या उलट्या बोंबा. कोतवालांनी दोन्ही पक्षांस बोलाविणे धाडिले. हे वर्तमान ऐकून अच्युतराव घरात येरझारा घालू लागले. एक मन म्हणे, बरे जाहले, बाईंची मिजास उतरेल. दुसरे मन म्हणे, अच्युता, पोरगी खडीवर पडली होती आणि तू हसलास. आणि तिसरे मन, खरे लिहावयाचे तर, ऐसे म्हणे की, जन्मात एकदा पाटी स्वच्छ आली, नंबर खणखणीत आला, आणि ती फीत कोणी पाहू नये? तिहींपैकी कोणत्या मनाने त्यांस उठविले हे त्यांसही ठाऊक नाही. हेल्मेट घालून सायकलीवर बसले आणि थेट कोतवालीत गेले.

तेथे दरबार भरला होता. कोतवाल सर्जेराव मध्ये, रणधीर पाय पसरून बसलेला, शाल्मलीबाई हात गळ्यात बांधून, मागे सर्व मंडळी. अच्युतरावांनी कॅमेरा मेजावर ठेविला आणि म्हणाले, "फीत आहे. मी खोटं बोललो. लावा." लाविली. जीप आली, आरसा फुटला, बाई पडल्या, आणि साऱ्या कोतवालीत तो आवाज घुमला: "पडली! पडली एकदाची! आता मोड म्हणावं पाव!" मागोमाग नंबर. रणधीराने पाय आवरून घेतले. मंडळीत कोणी कोणाकडे पाहिना. कोतवालांनी विचारिले, "आवाज कोणाचा?" अच्युतराव म्हणाले, "माझा." "आणि हे पावाचं काय?" अच्युतराव म्हणाले, "जळत होतो साहेब. हिच्यावर. पहिल्या रविवारपासून."

तेव्हा शाल्मलीबाई उठल्या, अच्युतरावांपाशी आल्या आणि म्हणाल्या, "काका, नंबर किती स्वच्छ बोललात! आणि साहेब, यांच्या मनातलं फितीत आलं एवढंच. माझ्याही मनात काय काय येतं, मी फक्त ते मोठ्याने बोलत नाही. ही फीत द्यायला माझी छाती झाली नसती." आणि वाकून, डाव्या हाताने, त्यांच्या पायांस हात लाविला. मग काय विचारावे! कारकुनाने डोळे पुसले. मंडळी म्हणाली, "काय मन आहे हो मुलीचं! एवढं ऐकूनही!" आणि सारे बाईंभोवती जमले, खुर्ची बाईंस दिली, चहा बाईंस आणविला. रणधीरास दंड सुनावला तोही कोणी धड ऐकिला नाही. अच्युतराव भिंतीपाशी एकटे उभे राहिले आणि मनात म्हणाले, फीत माझी, नंबर माझा, अब्रू गेली ती माझी, आणि थोर ठरली ती पुन्हा हीच!

एकूण तात्पर्य: उन्मत्तास शासन जाहले, बाईंचे हाड यथाकाळी सांधले, राज्यातील जीपा किंचित अंतर राखून चालू लागल्या. अच्युतरावांच्या पोटातील दुखणे मात्र त्या दिवसापासून वाढले ते वाढले. येथे लेखणी थांबली असे.